अकरा जणींचा महाराष्ट्र

त्या रविवारी अकरा बायकांनी मला धरलं. आलटून पालटून. कुणी घोटा धरला, कुणी कंबर, एकीनं तर मागून येऊन मिठीच मारली आणि आम्ही दोघी मॅटवर आडव्या. तिचा घाम माझ्या मानेवर, माझा तिच्या तोंडावर. कबड्डीचा सराव असाच असतो, त्यात वावगं काही नाही.

सराव संपला, हात धुतले, डबे उघडले. आणि त्या अकरा जणींपैकी एकीनंही माझ्या डब्यातली उसळ खाल्ली नाही.

मटकीची उसळ होती. ऑकलंडच्या गारठ्यात कडधान्याला मोड लवकर येत नाहीत. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे पुरचुंडी ठेवावी लागते. दोन दिवस मी ती पुरचुंडी उघडून उघडून बघत होते. पहाटे उठून फोडणी दिली, वर खोबरं, कोथिंबीर. भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. पाच मिनिटांनी बघते तर ते सरकत सरकत कडेला गेलेलं, पेपर टॉवेलच्या रोलमागे.

"माझी आज चतुर्थी आहे गं."

"मला मटकी बाधते."

"मी सध्या कार्ब्स बंद केलेत."

चतुर्थीवालीच्या प्लेटमध्ये पोहे होते. कार्ब्सवालीचा दुसरा लाडू चालला होता. मी हसले. हो, हसले. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तेव्हा हसून म्हणाले, "असू दे, असू दे, संध्याकाळी आमच्याकडे संपेल." घरी येऊन झाकण काढलं. चमचा घातल्याची खूणसुद्धा नव्हती.

मी नर्स आहे. साउथ ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलात, सर्जिकल वॉर्डला. राहते ओटाहुहुला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मूळची दापोडीची. दापोडी म्हणजे पुणंच, पण पुण्यातल्या लोकांना विचारून बघा, ते जरा थांबून हो म्हणतील. वडील खडकीच्या फॅक्टरीत होते. संध्याकाळी घरी आले की चहा घ्यायच्या आधी आम्हा मुलींना घेऊन मैदानावर. वस्तीतल्या मुलींचा संघ त्यांनी उभा केला होता. तिथे मी चढाई शिकले. मध्यरेषा ओलांडायची, एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्या सातांना हात लावायचा आणि धरायच्या आत परत यायचं. कॉलेजकडून खेळले, विद्यापीठाकडून खेळले. मग नोकरी, लग्न, व्हिसा, मुलगी. पंधरा वर्षं मॅटला पाय लागला नाही.

मग एक दिवस फेसबुकवर दिसलं. ऑकलंडला भारतीयांची राज्यवार कबड्डी स्पर्धा होते, आणि बायकांच्या गटात या वर्षी महाराष्ट्राचा संघ उतरणार. गुडघ्यांना विचारलं. ते म्हणाले, बघ बाई तुझं तू. मी नाव दिलं.

संघ काढला होता ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स भागातल्या मृणालताईंनी. पन्नाशीच्या अलीकडच्या, आवाज गोड, हाताखाली दहा-बारा व्हॉट्सॲप ग्रुप. कर्णधार त्याच, निवड समिती त्याच, जर्सीचा रंगही त्यांच्याच पसंतीचा. पहिल्या दिवशी मी तीन चढायांत पाच जणी बाद केल्या तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. "अगं, काय चढाई आहे तुझी! इतके दिवस होतीस कुठे?" पहिला महिना मी सगळ्यांची लाडकी होते. दर रविवारी डब्याच्या पाळ्या ठरायच्या. माझ्या पाळीला मी कांदेपोहे नेले तर दोघींनी रेसिपी मागितली. हे लक्षात ठेवा. पोहे खाल्ले होते.

एप्रिलमध्ये सराव ठरला तो नेमका चौदा तारखेला. मी ग्रुपवर लिहिलं, "मला जमणार नाही, आमच्याकडे जयंती आहे." एवढंच. मृणालताईंनी अंगठा टाकला. बाकी कुणी काही नाही. पुढच्या रविवारी सगळं नेहमीसारखं होतं. फक्त एकीनं बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "म्हणजे तुम्ही दापोडीत नेमकं कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, अच्छा." दोनदा.

त्यानंतरचा रविवार उसळीचा.

मग ग्रुपवर नवीन यादी आली, कुणी काय आणायचं त्याची. ढोकळा, थालीपीठ, साबुदाणा, शिरा. माझ्या नावापुढे पेपर प्लेट्स, टिश्यू आणि पाण्याच्या बाटल्या. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, वर एक चिप्सचं पाकीट. कंपनीतून बंद होऊन आलेलं चालत होतं. माझ्या हातचं शिजलेलं चालत नव्हतं. माझा हात लागलेली कंबर, माझा हात लागलेला पाय, ते सगळं चालत होतं, कारण त्याचे गुण मिळत होते.

आणि मी नेत होते. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, चांगल्यातल्या, जाड, न दुमडणाऱ्या प्लेट्स निवडून नेत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना. तू खेळायला जातेस का जेवायला?" तो इंजिनियर आहे. ऑफिसातल्या मराठी लोकांना त्यानं आमचं गाव सांगताना नुसतं पुणे सांगितलंय. मी त्याला काही बोलले नाही, कारण मीही गप्पच होते. मला खेळायचं होतं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ड्यूटी करून, पोरीचं आवरून, अडतिसाव्या वर्षी मला पुन्हा चढाई करायची होती आणि छातीवर महाराष्ट्र लिहिलेलं हवं होतं. त्यासाठी मी अपमान गिळला. कुणी जबरदस्तीनं भरवला नव्हता.

माझ्या वॉर्डात आरोहा आहे. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, साठी ओलांडलेली, पेशंटची ने-आण करते, माझ्याआधी तीस वर्षं या हॉस्पिटलात आहे. एका दुपारी टी-रूममध्ये तिनं विचारलं, "तुझी कबड्डी कशी चाललीये?" मी छान म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं बाहेर आलं. जयंती, उसळ, प्लेट्स, सगळं. जात म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना माझी दमछाक झाली. तिला फार सांगावं लागलं नाही.

ती म्हणाली, तिचा एक काका रग्बी खेळायचा. विंगवर. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्याइतका वेगवान कुणी नव्हता असं घरात सगळे सांगायचे. तिच्या जन्माच्या आसपासची गोष्ट. देशाचा संघ दक्षिण आफ्रिकेला जाणार होता. तिथे काळ्या-गोऱ्यांचे वेगळे कायदे. त्यांनी सांगितलं, तुमच्यातले माओरी नकोत. आणि इथल्या साहेबांनी मान डोलावली. लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले. संघ गेलाच. माओरी खेळाडूंचा विचारच झाला नाही. काका घरी, गाईंचं दूध काढत, रेडिओवर सामना ऐकत होता.

"आणि निवेदक म्हणत होता, न्यूझीलंड," आरोहा म्हणाली. "प्रत्येक वाक्यात न्यूझीलंड, न्यूझीलंड."

मी विचारलं, "तो संघ न्यूझीलंडचा होता असं तुला वाटतं?"

"जर्सी न्यूझीलंडची होती. आत अर्धाच देश होता."

मग म्हणाली, काही वर्षांनी माओरी खेळाडूंना नेलं. कसं, तर तिथल्या सरकारनं त्यांना तेवढ्यापुरतं मानद गोरे ठरवलं. मानद डॉक्टरेट असते ना, तसे मानद गोरे. आम्ही दोघी खूप हसलो. मग ती हसायची थांबली. "जे गेले त्यांना मी नावं ठेवत नाही. खेळाडूला खेळायचं असतं. पण माझ्या काकाला तेव्हा कुणी विचारलं असतं तरी तो गेला नसता." कप धुऊन ती ट्रॉलीकडे गेली.

मला त्या दिवसापासून तो रेडिओ सोडेना. कुणी म्हणेल, अहो, खेळले ते चांगलेच खेळले असतील, गुण तर खरे होते. असतील. पण ज्याला बाहेर ठेवलं त्याला हरवून तुम्ही संघात आला नाहीत. त्याला मैदानावर येऊच दिलं नाहीत. मग देशातले सगळ्यात चांगले पंधरा तुम्ही आहात हे तुम्हाला तरी कसं कळलं? आणि घरी रेडिओजवळ बसलेल्या माणसानं टाळी कुणासाठी वाजवायची? ज्या देशानं त्याला मोजलंच नाही, त्याच्यासाठी? मी वॉर्डात औषधं वाटत होते आणि डोक्यात हे चाललं होतं. तेव्हा मला वाटत होतं की मी आरोहाच्या काकाचा विचार करतेय.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मृणालताईंकडे सत्यनारायण होता. संघ तिथेच जाहीर झाला. मला बोलावणं नव्हतं. मला यादी फोनवर मिळाली, ड्यूटी संपवून बस स्टॉपवर उभी असताना. नियमाप्रमाणे संघात बारा नावं देता येतात. सात खेळणार, पाच राखीव. आम्ही होतोही बाराच. फॉर्मचा फोटो टाकला होता. एक ते अकरा ओळींत अकरा नावं. बारावी ओळ कोरी. आणि खाली पेनानं लिहिलेलं, प्रथमोपचार, आणि पुढे माझं नाव.

त्या अकरांतली एक जण पूर्वी कधी खेळलीच नव्हती. तिला मॅटवरची निदानरेषा कुठली आणि बोनसरेषा कुठली हे अजून विचारावं लागायचं. माझ्यापेक्षा ती चांगली आहे असं म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून तसं कुणी म्हणालंही नाही. मृणालताईंचा निरोप आला, "तू नर्स आहेस ना, तुझ्याशिवाय हे कोण करणार! सगळ्यांना किती धीर वाटेल." शेवटी हात जोडलेले.

मी गेले. का गेले? अजून आशा होती. पोरगी म्हणाली होती, "Mum, are you in the team or not?" आणि मी म्हणाले होते, आहे. ते खोटं निभावायला मी प्रथमोपचाराची बॅग उचलून गेले.

शाळेचा मोठा हॉल, मॅट घातलेली, बाहेर समोसे आणि कॉफी. पहिला सामना केरळशी होता, तो आपण जिंकलो. बघा, आपण म्हणून गेले. दुसरा हरियाणाशी. त्या पोरी अंगानं दणकट, पायांनी चपळ. मी बाकावर बर्फाची पेटी मांडीशी धरून बसले होते आणि नजर त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर होती. तिथली मुलगी पकडीसाठी अर्धा क्षण उशिरा पुढे यायची. दर वेळी. आमच्यातल्या कुणाला ते दिसत नव्हतं. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो, आणि मध्यंतराच्या तोंडावरच आमची सायली घोटा मुरगळून पडली. सव्वीस वर्षांची, आयटीतली, संघात चढाई येणारी अशी ती एकटीच.

मी धावले. तिचा पाय मांडीवर घेतला. हाड मोडलं नव्हतं. बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं, पाय उंच ठेवला. ती रडत होती. तेवढ्यात मृणालताई आल्या. हातात बारावी जर्सी. म्हणजे जर्सी बारा छापल्या होत्या.

"चल, पटकन घाल. मी पंचांच्या टेबलावर तुझं नाव लिहून येते."

मी जर्सी हातात घेतली. जांभळी, गुळगुळीत, छातीवर पांढऱ्या अक्षरांत महाराष्ट्र. खोटं कशाला बोलू, ती अंगात घालावीशी वाटली. दोन चढायांत मी तो सामना फिरवला असता. हे मी फुशारकीनं सांगत नाही, मला तो डावा कोपरा दिसत होता. अंगठा त्या अक्षरांवरून फिरला. आणि मला रेडिओजवळ बसलेला माणूस आठवला. या वेळी मात्र मी त्याचा नाही, माझाच विचार करत होते.

"ताई, एक विचारू? त्या रविवारी माझी उसळ का नाही खाल्ली कुणी?"

"अगं, आता हे काय काढलंस? मॅच चालू आहे!"

"म्हणूनच आता विचारते. एरवी तुम्ही ऐकून घेतलं नसतं."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला. "हे बघ, प्रत्येकीच्या घरची एक पद्धत असते. त्याचा खेळाशी काय संबंध? आम्ही कधी तुला तसं मानलं का? तू आमच्यातलीच आहेस."

आमच्यातलीच. तेवढ्यापुरती. घोटा बरा होईपर्यंत.

"प्रत्येकीच्या घरची पद्धत असेल," मी म्हणाले, "तर संघाला प्रत्येकीच्या घराचं नाव द्या. महाराष्ट्र लिहू नका."

"तू संघाला अशी ऐन वेळी तोंडघशी पाडणार?"

"संघात माझं नाव नाही ताई. प्रथमोपचारात आहे. ते काम मी शेवटपर्यंत करीन. खेळणार नाही."

जर्सी त्यांच्या हातात दिली. घडी करून. माझा आवाज थरथरला नाही, याचा मला आजही आनंद आहे. त्या उत्तरार्धात मी एकीचं कोपर बांधलं, एकीच्या नाकाचं रक्त थांबवलं. ती चतुर्थीवाली होती. तिच्या तोंडात मी माझ्या हातानं पाणी घातलं आणि ती प्यायली. आम्ही हरलो. नाही. त्या हरल्या.

सायलीला एक्स-रेसाठी मीच गाडीतून नेलं. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"उसळीचं. दुसरा एक ग्रुप आहे. तुमच्याशिवायचा. त्यात ठरलं होतं, आपापली कारणं सांगायची."

सिग्नल लाल होता. बरं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"मला खेळायचं होतं."

मला तिचा भयंकर राग आला. गाडीतून उतरवावं असं वाटलं. पण मीही तीन रविवार प्लेट्स नेल्या होत्या, त्याच कारणासाठी. फरक एवढाच की तिच्या गप्प बसण्यानं तिला जर्सी मिळाली. मी तसं तिला सांगितलं, शब्द न गाळता. ती रडली. मी गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मृणालताईंचा मेसेज. "साता समुद्रापार येऊनसुद्धा जे लोक जातपात सोबत आणतात, त्यांना काय म्हणावं! खेळ सर्वांना जोडतो." खाली फुलं, हात, तिरंगे. मी एकदाच लिहिलं, "जात मी आणली नाही. मी उसळ आणली होती." आणि ग्रुप सोडला.

नवरा म्हणाला, "आता आपल्याला कुणी घरी बोलावणार नाही."

मी म्हटलं, "आधी कोण बोलवत होतं?"

मग त्यानं टीव्ही बंद केला. त्याची बाजू मला कळते. त्याला ऑफिसात त्याच लोकांबरोबर रोज बसायचं आहे. पण माझ्या पोरीला उद्या कुणी विचारलं, तुम्ही नेमकं कुठले, तर तिनं नजर चोरावी अशी माझी तयारी नाही. तिला मी खरं सांगितलं. संघात नव्हते, घेतलं नव्हतं, मग घेत होते तेव्हा मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "That's so unfair." मी म्हटलं, हो, आणि त्याला मराठीत नाव आहे, ते आता शिकून घे.

एक चूक मात्र मी केली, ती कबूल करते. महाराष्ट्र लिहू नका, असं मी रागात म्हणाले. जणू ते नाव त्यांचंच आणि मी त्यांच्याकडून काढून घेतेय. काढून घ्यायला ते त्यांचं एकट्यांचं होतं कधी? दापोडीच्या मैदानावर वडिलांनी दगड वेचून चुन्याच्या रेषा मारल्या, तिथे ते नाव माझंही झालं. आरोहाच्या काकानं न्यूझीलंड हे नाव कधी सोडलं नाही. मी का सोडू?

पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मी भरला आहे. आतापर्यंत पाच जणी आहोत. रोटोटुनाची एक फार्मसिस्ट आहे, दीड तास गाडी चालवून सरावाला येते. मी धरून दोघी नर्सेस. एक नांदेडची, क्लिनिंगचं काम करते, तिची पकड सुटत नाही. आणि सायली. तिला मी साफ सांगितलं, निवड उघड्या मैदानावर होईल, सगळ्यांसमोर, ज्याला बघायचं त्यानं यावं. ती म्हणाली, चालेल. त्या अकरा जणींतल्या कुणाला यायचं असेल तर तिचीही निवड तिथेच होईल, तिच्या घरची पद्धत तिनं घरी ठेवून यावं. अजून दोघी मिळाल्या की सात होतील. हरूही कदाचित. गुडघे कुरकुरतात.

परवा आयोजकांचा फोन आला. माणूस सभ्य होता, पंजाबी. म्हणाला, "सिस्टर, महाराष्ट्र नावाचा संघ आधीच आहे. गोंधळ होईल. तुम्ही दुसरं काही नाव घ्या ना. ओटाहुहु क्वीन्स वगैरे."

मी त्याला सांगितलं, ज्यांनी नावांच्या यादीत एक ओळ कोरी ठेवली, त्यांना विचारा त्यांना कुठलं नाव शोभतं. आमच्या फॉर्मवर महाराष्ट्रच राहील. मी बदलणार नाही.